रिझोल्युशन नीट केलं, रीस्टार्ट केलं, परत १०२४ × ७६८: लिनक्स लॅपटॉपवरचा हा घोळ मुळातून कसा काढायचा

लॅपटॉपच्या पडद्याचं खरं रिझोल्युशन १३६६ × ७६८ आणि लिनक्स दाखवतंय १०२४ × ७६८, हे ओळखायला सेटिंग उघडावी लागत नाही. उभे ठिपके दोन्हीकडे ७६८च आहेत, आडवे १०२४ मात्र ओढून १३६६ वर पसरवलेले असतात. त्यामुळे अक्षर उंचीला तेवढंच राहतं आणि आडवं फुगतं, गोल चिन्हं लांबट होतात, कडा धुरकट दिसतात. इंग्रजी मजकुरात माणूस हे चालवून घेतो. देवनागरीत नाही चालत. रफार आणि अनुस्वार शेजारी आले की एकमेकांत मिसळतात, जोडाक्षराचा खालचा अर्धा भाग पुसट होतो, आणि १ कुठला, ९ कुठला ते डोळे बारीक करून बघावं लागतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात तेव्हा अडत दुकानातले दिवाणजी दिवसभर शेतकऱ्यांच्या पट्ट्या करत बसलेले असतात. क्विंटलच्या आकड्यात १ चा ९ वाचला गेला तर ते कुणालाच परवडणारं नाही. म्हणून हा विषय मला दिसण्यापुरता वाटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि चांगले चालणारे पण विंडोज ११ न झेपणारे पुष्कळ लॅपटॉप लिनक्सवर आले. आपल्याकडेही आले: अडत दुकानांत, शाळांत, विश्रामबागेतल्या पोरांच्या खोल्यांवर. बहुतेकांवर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू. त्यानंतर रिझोल्युशनची तक्रार वाढली, आणि ती जवळजवळ एकाच वाक्यात येते: “दादा, काल नीट झालं होतं की, आज परत अक्षरं फुगली!”

या वाक्यातल्या ‘परत’कडे लक्ष द्या. इंटरनेटवर शोधलं की पहिला उपाय मिळतो तो एक्सरँडआर ही पडद्याची रिझोल्युशन दाखवणारी आणि बदलणारी कमांड वापरून नवा मोड, म्हणजे रिझोल्युशनचा नवा पर्याय, तयार करण्याचा. तो केला की पडदा लगेच नीट होतो, आणि लॉगआउट केलं की पुन्हा होता तसा. मग तीच कमांड सुरुवातीला आपोआप चालेल अशी सोय केली जाते, आणि पुढच्या मोठ्या अपडेटला तीही मोडते. ही ताप उतरवायची गोळी आहे. ताप कशामुळे आलाय ते बघितलं नाही तर गोळीचा अंमल संपल्यावर तो चढणारच. रिझोल्युशन स्वतःहून बिघडत नाही. एकतर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच, म्हणजे ग्राफिक्सची चिप चालवणारा प्रोग्रॅम, चालू झालेला नसतो, किंवा पडद्याने स्वतःबद्दल दिलेली माहिती लॅपटॉपपर्यंत पोचत नसते, किंवा जुनी साठवलेली सेटिंग दर वेळी वर येऊन बसते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

कमांडा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडा द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पहिलं काम: यादी वाचा

टर्मिनल उघडा, नुसतं ‘एक्सरँडआर’ टाइप करा आणि एंटर दाबा. कंटाळा न करता सगळं उत्तर वाचा. आधी पडद्याचं नाव बघा. लॅपटॉपचा आतला पडदा नीट ओळखला गेला असेल तर नाव ईडीपी-१ किंवा जुन्या मॉडेलवर एलव्हीडीएस-१ असं असतं. त्याखाली रिझोल्युशनची यादी असते. यादीत ज्या आकड्यापाशी फुली-चांदणी आहे तो सध्या चालू असलेला, आणि ज्यापाशी अधिकचं चिन्ह आहे तो पडद्याने स्वतः ‘हा माझा’ म्हणून सांगितलेला.

आता ठरवा. नाव ‘डिफॉल्ट’, ‘नन-१’ किंवा ‘अननोन-१’ असं काही असेल आणि यादीत एकच आकडा असेल, तर ड्रायव्हर चालू नाही. ‘फेल्ड टु गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट’ अशी ओळ वर दिसली तर शंकाच नको. नाव बरोबर आहे, यादीही आहे, पण खरा आकडा त्यात नाहीच, तर पडद्याची माहिती पोचत नाहीये. आणि खरा आकडा यादीत आहे, अधिकचं चिन्हही त्याच्यापाशी आहे, पण चांदणी भलत्याच आकड्यावर बसलीय, तर दोष साठवलेल्या सेटिंगमध्ये.

एवढं केलं की निम्मं काम झालं. यापुढे आपल्याला लागू असलेला भाग वाचा. बाकीचं करून बघू नका, कारण इथे ‘हेही करून बघू’ म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट मागे एक फाइल ठेवून जाते आणि पुढच्या माणसाला ती शोधत बसावं लागतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. उत्तरात पडद्याचं नाव ‘एक्सवेलँड’ने सुरू होत असेल तर तुम्ही वेलँडवर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर, आहात आणि ही यादी खरी नाही. तेव्हा सेटिंगमधलं डिस्प्लेचं पान उघडून तिथली यादी बघा. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून सहसा एक्स-११ या जुन्या यंत्रणेवर चालतो; उबुंटू वेलँडवर.

ड्रायव्हर चालू नाही: बहुतेक वेळा ‘नोमोडसेट’

खात्री करायला ‘एलएसपीसीआय -के’ चालवा. ग्राफिक्सच्या चिपचं नाव असलेली ओळ शोधा. तिला व्हीजीए किंवा डिस्प्ले म्हटलेलं असतं. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ हवी आणि तिच्यापुढे इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी एएमडीजीपीयू किंवा रेडिऑन, एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा एनव्हिडिया असं नाव हवं. ही ओळच नसेल, आणि नुसती ‘कर्नल मॉड्युल्स’ असेल, तर ड्रायव्हर डिस्कवर आहे पण कामाला लागलेला नाही. अशा लॅपटॉपवर ब्राइटनेसची बटणंही चालत नाहीत, साधा व्हिडिओ लावला की पंखा ओरडायला लागतो, झाकण मिटून उघडलं की पडदा जागा होत नाही. ही सगळी दुखणी एकाच कारणाची आहेत, आणि लोक ती वेगवेगळी समजून वेगवेगळे उपाय करत बसतात.

कारण काय? जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर काही वेळा काळा पडदा येतो. मग मेन्यूतला दुसरा पर्याय निवडला जातो. मिंटमध्ये त्याला कम्पॅटिबिलिटी मोड म्हणतात, उबुंटूत सेफ ग्राफिक्स. त्यात कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘नोमोडसेट’ हा शब्द दिलेला असतो, म्हणजे ‘ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लावू नकोस, मशीनच्या फर्मवेअरने जसा पडदा दिला तसाच वापर’. लिनक्स टाकून होईपर्यंत हे ठीकच आहे. पण हाताने बूटच्या ओळीत जोडलेला शब्द काही वेळा इन्स्टॉलर कायमच्या सेटिंगमध्ये उतरवतो, नाहीतर पहिल्या बूटला काळा पडदा आला म्हणून मदत करणारा कुणीतरी तो तिथे लिहून ठेवतो. त्या दिवशी गरज भागते आणि तो शब्द तसाच राहून जातो. पुढे प्रत्येक बूटला ड्रायव्हर अडवला जातो, आणि माणूस मात्र डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आकडा शोधत बसतो. तो तिथे कधीच सापडणार नाही.

तपासायचं असं: ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’. आत्ताच्या बूटला कर्नलला काय काय सांगितलं गेलं ते यात दिसतं. त्यात नोमोडसेट असेल तर चोर सापडला.

लगेच फाइल बदलायला जाऊ नका. आधी एकदाच, तात्पुरतं काढून बघा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आपोआप येत नसेल तर जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, नव्या यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबा. पहिल्या नावावर असताना ई दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातला नोमोडसेट एवढाच शब्द खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. बूट झाल्यावर पडदा स्वच्छ आला तर उपाय सिद्ध झाला. काळा आला तरी काही बिघडलं नाही. बंद करून चालू करा, शब्द जिथल्या तिथे असेल. ही पायरी वगळून सरळ फाइल बदलली आणि काळा पडदा आला तर साध्या माणसाला तिथून परत फिरणं अवघड जातं, म्हणून मी यावर अडून बसतो.

स्वच्छ आला? मग कायमचं काढा. ‘सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल उघडा. ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट या मोठ्या अक्षरांतल्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत ‘क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट’ असं काही असेल. शेवटचा शब्द काढा, बाकीचे राहू द्या. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. ही शेवटची कमांड विसरली की फाइलमध्ये बदल दिसतो आणि बूटमध्ये नाही. फेडोरावर फाइल हाताने बदलण्याऐवजी ग्रबी नावाची कमांड हेच काम करते.

इथपर्यंत सगळं करूनही शब्द परत दिसत असेल तर त्याच जागी ग्रब.डी नावाचा फोल्डर आहे तो उघडून बघा. डेबियन, उबुंटू, मिंट या तिन्हींत त्यातल्या फाइली मुख्य फाइलनंतर वाचल्या जातात, त्यामुळे तिथे लिहिलेलं वरचढ ठरतं. आणि हो, ग्रबच्या फाइलमध्ये जीएफएक्समोड नावाचीही एक ओळ असते. तिथे १३६६ × ७६८ लिहायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. ती ओळ ग्रबच्या मेन्यूचा आणि सुरुवातीच्या काही क्षणांचा पडदा ठरवते. खरा ड्रायव्हर चालू झाल्यावर डेस्कटॉपवर तिचा काही परिणाम होत नाही. ती आहे तशी सोडा.

शब्द काढल्यावर काळा पडदा आला तर

मग बहुतेक लॅपटॉपात एनव्हिडियाची चिप आहे. नोमोडसेट ठेवूनच आत या, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर टाका, आणि नंतर तो शब्द काढा. क्रम महत्त्वाचा आहे.

एनव्हिडियावर ‘परत’ची तक्रार मात्र वेगळ्या वाटेने येते. एका रात्री अपडेट होतं, नवा कर्नल येतो, सकाळी अक्षरं फुगलेली. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. त्या कर्नलच्या हेडर्सचं (या बांधणीला लागणाऱ्या फाइलींचं) पॅकेज नसेल तर तो बांधला जात नाही. तो बांधला गेला की नाही ते ‘डीकेएमएस स्टेटस’ या कमांडने कळतं. ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचा कर्नल निवडून बूट करा. तिथे पडदा बरोबर दिसला तर हेच कारण, आणि निदान त्या दिवसाचं काम अडत नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे डिजिटल सही असलेलंच चालू देणारी सोय, चालू असेल तर आणखी एक अडचण. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो मागितला जातो. तो पडदा १० सेकंद थांबतो आणि कुणी बटण दाबलं नाही तर सरळ पुढे निघून जातो. मशीन चालू करून चहा आणायला गेलेल्या माणसाला तो कधी दिसतच नाही. मग सही नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो. तेव्हा ड्रायव्हर पुन्हा टाका आणि रीस्टार्ट होताना समोर बसून राहा. ‘एनरोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाकल्यावरही पडदा सुधारत नसेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये नूव्होला बंदी घालणारी फाइल मागे राहिली आहे का ते बघा. एएमडीच्या चिपवर डेबियन असेल तर फर्मवेअरचं पॅकेज आहे ना याची खात्री करा. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर ते सोबत आणतो, आधीच्यांत हाताने टाकावं लागायचं.

नाव बरोबर, पण खरा आकडा यादीत नाही: प्रोजेक्टर आणि वायर

आतल्या पडद्यावर हे क्वचित होतं. बाहेरच्या मॉनिटरवर आणि शाळेतल्या प्रोजेक्टरवर नेहमी.

प्रत्येक पडद्यात एक छोटी माहितीची चिठ्ठी साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. ही पद्धत १९९४ पासूनची. मूळ चिठ्ठी फक्त १२८ बाइटची, पण तिच्यात पडदा कोणाचा, केवढा आणि कोणकोणती रिझोल्युशन्स घेतो ते सगळं असतं. लॅपटॉप वायर जोडल्याबरोबर ती मागतो. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना या कामासाठी असतात. चित्र वाहून नेणाऱ्या पिना वेगळ्या. म्हणून चित्र छान दिसतं, पण चिठ्ठी पोचत नाही, असं होऊ शकतं. चिठ्ठी आली नाही की कर्नल धोका पत्करत नाही: जोडलेलं काहीतरी आहे, पण काय आहे ते माहीत नाही, तेव्हा १०२४ × ७६८ पर्यंतचेच आकडे यादीत ठेवतो. ज्या आकड्याचा आपल्याला इतका वैताग येतो तो तिथून येतो.

तासगावकडच्या एका शाळेत वर्गाच्या छतावरून नेलेली लांब व्हीजीए वायर आहे, मध्ये एक स्प्लिटर आहे, आणि लॅपटॉपला व्हीजीए नसल्याने शेवटी एक कन्व्हर्टर. सरांचं म्हणणं असं की घरी मॉनिटरला जोडलं की सगळं बरोबर, वर्गात जोडलं की चूक. म्हणजे लॅपटॉपमध्ये काही शोधायचंच नाही. अशा साखळीत प्रत्येक जोड संशयित असतो. वाकलेली किंवा नसलेली १२ नंबरची पिन, चिठ्ठी पुढे न देणारा स्प्लिटर, आणि प्रोजेक्टरची चिठ्ठी बाजूला ठेवून स्वतःचीच यादी सांगणारा स्वस्त कन्व्हर्टर. आधी प्रोजेक्टरपाशी जाऊन आखूड वायरने थेट जोडा. यादी पूर्ण दिसली तर एकेक वस्तू मध्ये घालत या. जिच्यानंतर यादी आखडते ती वस्तू बदला.

चिठ्ठी आली की नाही हे लॅपटॉपवरही बघता येतं. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरात प्रत्येक पोर्टचा एक फोल्डर असतो, उदाहरणार्थ कार्ड०-व्हीजीए-१ (व्हीजीए मोठ्या अक्षरांत) किंवा काही मशीनवर कार्ड१ ने सुरू होणारा, आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल. एलएसने तिचा आकार कायम शून्यच दिसतो, त्यावर जाऊ नका. ‘कॅट’ने वाचून, मध्ये उभी रेघ देऊन, ‘डब्ल्यूसी -सी’कडे पाठवा. उत्तर ० आलं तर चिठ्ठी नाही. १२८ किंवा २५६ आलं तर आली.

शाळांमध्ये दुसरंही एक होतं आणि ते बिघाड नव्हे. प्रोजेक्टरवर तेच चित्र दाखवायचं म्हणून मिरर निवडलं जातं. प्रोजेक्टर मुळातच १०२४ × ७६८ चा किंवा ८०० × ६०० चा असेल तर दोघांना जमेल असा आकडा निवडला जातो आणि लॅपटॉपचा पडदाही खाली येतो. वायर काढल्यावर काही वेळा तो तिथेच राहतो. यावर सरळ उपाय म्हणजे मिररऐवजी एक्स्टेंड वापरणं. शिकवताना मात्र दोन्हीकडे तेच चित्र हवं असतं, हे मला मान्य आहे. तेव्हा एक्सरँडआरमध्ये प्रोजेक्टरच्या पोर्टला दोन डॅश देऊन ‘स्केल-फ्रॉम’ १३६६ × ७६८ आणि ‘सेम-अ‍ॅज’ आतल्या पडद्याचं नाव द्या. लॅपटॉप स्वतःच्या आकड्यावर राहतो आणि प्रोजेक्टरसाठी चित्र लहान करून पाठवतो. प्रोजेक्टरवर अक्षरं थोडी दबलेली दिसतात, पण सरांच्या समोरचा पडदा स्वच्छ राहतो.

खरा आकडा यादीत आहे, पण टिकत नाही

हा सगळ्यात सोपा भाग. नवा यूजर तयार करून त्याने लॉगिन करा. तिथे रिझोल्युशन बरोबर असेल तर दोष तुमच्या होम फोल्डरातल्या साठवलेल्या फाइलमध्ये. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा, .कॉन्फिग उघडा. सिनॅमनवर सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल, उबुंटूच्या ग्नोम डेस्कटॉपवर मॉनिटर्स.एक्सएमएल, एक्सएफसीईवर एक्सएफकॉन्फच्या आत डिस्प्लेज.एक्सएमएल. फाइल खोडू नका, नाव बदलून ठेवा. लॉगआउट, लॉगिन, आकडा निवडा, नवी फाइल आपोआप तयार होते.

नव्या यूजरलाही तोच त्रास असेल तर /ईटीसी/एक्स११ मध्ये (इथला एक्स मोठा) एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची फाइल कुणी ठेवली आहे का बघा. आताच्या बहुतेक लॅपटॉपांना ती लागतच नाही. जुन्या लेखांतून उतरवलेल्या या फाइलमध्ये ड्रायव्हर म्हणून व्हेसा किंवा एफबीडेव्ह लिहिलेलं असतं आणि ते चांगल्या ड्रायव्हरला बाजूला सारतं. तिचंही नाव बदला आणि रीस्टार्ट करा.

फक्त लॉगिनच्या पडद्यावर आकडा चुकीचा आणि आत गेल्यावर बरोबर असेल तर त्यात वेळ घालवू नका.

एक्सरँडआरने मोड बनवणं खरंच केव्हा लागतं

चिठ्ठी पोचतच नाही आणि वायर बदलणं आपल्या हातात नाही, तेव्हाच. भिंतीत पुरलेली वायर, दुसऱ्याच्या सभागृहातला प्रोजेक्टर. आतल्या पडद्यासाठी हे करू नका. त्याचं एक साधं कारण: मोडचे आकडे काढून देणारी सीव्हीटी ही कमांड रुंदी ८ च्या पटीत करते. १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून ती १३६८ देते. पडदा १३६६ चा, चित्र १३६८ चं, आणि पुन्हा तीच धुरकट कड. इतकी खटपट करून हाती तेच येतं.

बाहेरच्या १९२० × १०८० च्या मॉनिटरवर आणखी एक गोष्ट सांभाळा. नुसतं ‘सीव्हीटी १९२० १०८०’ दिलं तर पिक्सेल क्लॉक, म्हणजे पडद्याकडे ठिपके पाठवायचा वेग, १७३ मेगाहर्ट्झ येतो. जुन्या लॅपटॉपांच्या एचडीएमआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ असते. मग मोड तयार होतो, पण लावायला गेलं की ‘कॉन्फिगर सीआरटीसी फेल्ड’ म्हणून परत येतो, आणि लोकांना वाटतं लॅपटॉपला फुल एचडी झेपत नाही. झेपतं. ‘सीव्हीटी -आर १९२० १०८०’ द्या. पिक्सेल क्लॉक १३८.५ वर येतो आणि मोड लागतो. उत्तरातली मोडलाइन या शब्दापुढची ओळ जशीच्या तशी कॉपी करून एक्सरँडआरमध्ये दोन डॅश देऊन न्यूमोडला द्या, मग अ‍ॅडमोड, मग आउटपुट आणि मोड. त्यातले आकडे हाताने टाइप करू नका, एक चुकला तरी पडदा काळा होतो.

हे होम फोल्डरातल्या .एक्सप्रोफाइल या फाइलमध्ये लिहिलं की लॉगिनच्या वेळी आपोआप चालतं. तरी अपडेटनंतर मोडण्याची भीती असतेच, आणि ती बहुतेक पोर्टच्या नावाने मोडते. इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर व्हीजीए१, एलव्हीडीएस१ अशी नावं देतो. नवा मोडसेटिंग ड्रायव्हर मध्ये डॅश घालतो: व्हीजीए-१, एलव्हीडीएस-१. मोठ्या अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला की जुन्या नावाची कमांड कुणालाच सापडत नाही आणि गुपचूप वाया जाते. एक्सरँडआर चालवून नाव ताडून बघा, डॅश घाला, झालं.

वेलँडवर हा उपाय चालतच नाही. तिथे बूटच्या ओळीत ‘व्हिडिओ=व्हीजीए-१:१९२०x१०८०@६०’ असं, आपल्या पोर्टच्या नावाने (व्हीजीए मोठ्या अक्षरांत) लिहावं लागतं. आधी सांगितलं तसं ग्रबमध्ये ई दाबून एकदा तात्पुरतं तपासा, मगच फाइलमध्ये लिहा. उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्सऑर्ग, म्हणजे एक्स-११ वर चालणारं, सेशन काढलेलं आहे, त्यामुळे तिथे लॉगिनच्या वेळी एक्सऑर्ग निवडायचा जुना सल्ला आता उपयोगाचा नाही.

बिजागरी

आतल्या पडद्याचा आकडा कधी बरोबर, कधी चूक, आणि त्याला अपडेटचा काही संबंध दिसत नाही, असं असेल तर झाकण हळू मागेपुढे करून बघा. झाकणाच्या बिजागरीतून पडद्याची केबल जाते. जुन्या लॅपटॉपात ती सैल होते किंवा झिजते, आणि चिठ्ठी अर्धवट पोचते. ‘सुडो डीमेसग’च्या उत्तरात ‘ईडीआयडी चेकसम इज इनव्हॅलिड’ अशी ओळ आली तर कमांडांचा नाद सोडा. दुरुस्तीच्या दुकानात जा आणि ‘डिस्प्ले केबल तपासा’ एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर अख्खा पडदा बदलायचा खर्च गळ्यात पडू शकतो. पडदा बदललाच, तर नव्याचं रिझोल्युशन जुन्याएवढंच आहे ना हे दुकानातच एक्सरँडआर चालवून, अधिकचं चिन्ह कुठल्या आकड्यापाशी आहे ते बघून घ्या.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि कुणाला विचारायचं झालं, तर पडद्याचा फोटो पाठवू नका. फोटोत रिझोल्युशन दिसत नाही. चार गोष्टी मजकूर म्हणून पाठवा: एलएसपीसीआय -के मधला ग्राफिक्सचा भाग, /प्रॉक/सीएमडीलाइन, एक्सरँडआरचं पूर्ण उत्तर, आणि ‘इको’ करून काढलेलं एक्सडीजी सेशन टाइप, जे डॉलरच्या चिन्हासह मोठ्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायचं. त्याबरोबर हेही लिहा की त्रास कधी परत येतो: प्रत्येक बूटला, अपडेटनंतर, वायर काढल्यावर, की झाकण हलवल्यावर. उत्तर देणाऱ्याला या शेवटच्या ओळीतूनच सगळ्यात जास्त कळतं.